व्हिजिटर पार्किंगमधली कॅराव्हॅन

शनिवार

कुलकर्णी काकू ए-१०२ (७.१२): सुप्रभात 🙏 नाइलाजाने लिहितेय. गाडीखाली परत पाणी आलंय. कुठल्या गाडीखाली ते सांगायला नको. खरकटं आणि साबण मिळून जो वास येतो तो थेट माझ्या ओट्यापर्यंत पोचलाय. मागच्या मीटिंगमध्ये काय ठरलं होतं?

देशपांडे काका बी-२०४ (७.१५): व्हिजिटर पार्किंग हे व्हिजिटरसाठी असते.

रोहन सी-३०५ (७.१६): काका, ती पण व्हिजिटरच आहे. फक्त जरा जास्त दिवस राहिली 😄

कुलकर्णी काकू (७.१७): रोहन, तुझ्या खिडकीखाली असती तर हसला नसतास.

संदीप जाधव ए-५०३ (७.३१): काकू नमस्कार. काल रात्री उशिरा कॅराव्हॅन, म्हणजे आमचं हे फिरतं घर, घेऊन गुहागरहून आलो. येताना धोपाव्याला फेरीबोटीत चढलो तेव्हा पूर्ण ओहोटी होती. उतार संपून बोटीची फळी जिथे चढते तिथे गाडीची शेपूट घासली आणि सांडपाण्याच्या टाकीचा पाइप चेमटला. म्हणून थेंब थेंब गळतंय. मी रात्रीच खाली बादली लावली होती, ती कुणीतरी उचलली.

कुलकर्णी काकू (७.३३): ती बादली आमची होती. जिन्यातली.

भोसले काका ए-४०१ (७.४०): संदीप, पाइप बदल पण नुसता पाइप बदलून वास जायचा नाही. दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये नोकरी झाली माझी, गाडीखाली आडवं होऊन आयुष्य गेलं. टाकीत तेल गेलं की ते भिंतींना चिकटतं आणि मे महिन्यात सडतं. वास पाण्याला नसतो, त्या थराला असतो. ताटं आधी कागदाने पुसायची, कागद कचऱ्यात. सिंकला बारीक जाळी. महिन्यातून एकदा अर्धी टाकी गरम पाणी आणि दोन मुठी धुण्याचा सोडा टाकून घाटातून फिरवून आण. आतल्या आत घुसळून निघतं. मग रिकामी कर.

संदीप जाधव (७.४२): हो काका 🙏 आजच करतो.

देशपांडे काका (७.४३): रिकामी कुठे करणार? हा प्रश्न कोणी विचारत नाही.

भोसले काका (७.४५): ड्रेनेजच्या चेंबरमध्ये. पावसाळी गटारात नाही. ते गटार सरळ नाल्यात आणि नाला नदीत जातो. सोसायटीच्या मागच्या कोपऱ्यात ड्रेनेजचं झाकण आहे, एक पाइप लावला की झालं.

निकम वहिनी बी-३०२ (७.४६): पाण्याचं सोडा. त्या गाडीत संडास पण आहे म्हणतात. त्याचं काय करतात?

रोहन (७.४६): 🍿

संदीप जाधव (७.५२): वहिनी, कॅसेट टॉयलेट आहे. खाली वीसेक लिटरची बंद टाकी असते, घट्ट झाकणाची. ती बाहेर काढून घरच्या संडासात ओततो. रस्त्यावर एक थेंब सांडत नाही.

निकम वहिनी (७.५३): घरच्या म्हणजे पाचव्या मजल्यावर?

संदीप जाधव (७.५३): हो.

निकम वहिनी (७.५४): लिफ्टने??

(रोहनचा मेसेज डिलीट करण्यात आला.)

कुलकर्णी काकू (७.५५): अगंबाई. त्याच लिफ्टमधून मी देवाला फुलं घेऊन येते.

देशपांडे काका (७.५६): व्हिजिटर पार्किंग हे व्हिजिटरसाठी असते. हे आधी पाळले असते तर लिफ्टचा प्रश्नच उद्भवला नसता.

संदीप जाधव (७.५८): बंद असते हो. वास येत नाही म्हणूनच तर इतके दिवस कुणाला कळलं नाही.

निकम वहिनी (७.५९): हे जास्त वाईट आहे.

प्राची गोखले सी-६०१, ऑकलंड (८.०२): नमस्कार सगळ्यांना. इकडे न्यूझीलंडमध्ये २०२३ ला कायदाच बदलला. गाडीत पक्का बसवलेला टॉयलेट असेल तरच ती मुक्कामासाठी स्वयंपूर्ण म्हणून धरतात, सुटा ठेवलेला चालत नाही. आणि टाकी रिकामी करायला गावागावात डंप स्टेशन असतात. आपल्याकडे शिस्त नाही हा मूळ मुद्दा.

शिंदे सेक्रेटरी ए-२०१ (८.०५): प्राचीताई, तुमच्या फ्लॅटचे दोन तिमाहीचे मेंटेनन्स बाकी आहे. हाही मूळ मुद्दा आहे. कृपया बघावे 🙏

रोहन (८.०६): 🔥

शिंदे सेक्रेटरी (८.०८): सर्वांना विनंती, शब्द जपून वापरावेत. संदीप, क्लब हाऊसच्या मागचे बाहेरचे टॉयलेट वापरावे. लिफ्ट नको. वॉचमनला सांगून ठेवतो.

डॉ. अत्रे बी-५०१ (८.१५): त्यात जे निळं औषध घालतात ते कुठलं आहे ते बघा. फॉर्मल्डिहाइडवालं असेल तर आपल्या एसटीपीतले, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लँटमधले, जिवाणू मरतील. आधीच तो एसटीपी कसाबसा चालतोय. एंझाइमचं घ्या, आणि दोन-तीन दिवसांवर काही साठवू नका.

वैशाली पाटील, खजिनदार सी-२०२ (८.२२): विषय निघालाच आहे तर. पार्किंगमधल्या सॉकेटला रात्रभर वायर लावलेली असते ती कुठल्या मीटरवर आहे? कॉमन. बिल वाढलंय ते मला मीटिंगमध्ये समजावून सांगावं लागतं.

संदीप जाधव (८.२५): ताई, बॅटरी चार्जिंगला. जे होईल ते देतो, आधीपासून म्हणतोय.

शेखभाई सी-१०१ (८.३४): वैशालीताई, बॅटरीचं दुकान आहे म्हणून सांगतो. १२ व्होल्ट १०० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे सव्वा युनिट, तीही पूर्ण रिकामी असेल तर. लेडवाली, म्हणजे शिशाची, निम्म्याखाली उतरवायचीच नसते. म्हणजे एका वेळी युनिटसुद्धा होत नाही, चार्जरचा तोटा धरला तरी. बिल वाढलंय ते पंपामुळे, त्याचा कपॅसिटर बघा.

देशपांडे काका (८.३५): प्रश्न रकमेचा नाही, तत्त्वाचा आहे.

शेखभाई (८.४१): काका, तत्त्वापेक्षा मला ती वायर जास्त खटकते. दोन पिनांची, अर्थिंग नाही, सांधा इन्सुलेशन टेपचा. पाऊस सुरू झाला की पत्र्याची गाडी आणि ओली फरशी, लहान मुलं तिथेच खेळतात. संदीप, तीन कोरची जाड वायर घे आणि सॉकेटला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी लाव, करंट गळला की ती लगेच वीज तोडते. हे माझ्याकडून घे किंवा कुठूनही घे, पण आज घे. आणि बॅटरी रात्रभर कशाला लावतोस? गाडी उभी असताना मेन स्विच काढून ठेव. गाडी थांबवून चार तासांनी मीटर लावायचा. १२.६ च्या वर असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली आठवडाभर राहिली तर प्लेटांवर सल्फेट धरतं, मग ती परत येत नाही.

संदीप जाधव (८.४४): शेखभाई, लिथियम टाकावी का?

शेखभाई (८.४९): टाक, पण तशीच उचलून टाकू नकोस. लिथियम इतका करंट खेचते की इंजिनावर वीज बनवणारा अल्टरनेटर तापून जातो. मध्ये करंट आवरून धरणारा डीसी-डीसी चार्जर लागतो. आणि ती उभी ठेवायची असेल तर निम्मी भरून ठेवायची, शंभर टक्के नाही. लेडचं बरोबर उलटं. छतावर दोनशे वॉटचं सोलर असेल तर आपल्या उन्हात फ्रिज आणि दिव्यांचं भागतं, सोसायटीचं सॉकेट लागणारच नाही. जुलैत सोड, तेव्हा ऊनच नसतं.

वैशाली पाटील (८.५०): मग सोलरच लावा ना. एवढं सोपं आहे तर.

कुलकर्णी काकू (८.५३): आणि सकाळी ते इंजिन चालू ठेवणं? पंधरा पंधरा मिनिटं. खिडकी लावून घ्यावी लागते.

संदीप जाधव (८.५५): काकू, गाडी उभी राहिली की खराब होते, म्हणून चालू करतो.

भोसले काका (९.०२): उभी गाडी खराब होते हे खरं, पण जागच्या जागी चालू केल्याने जास्त होते. बीएस-६ डिझेल आहे ना तुझी? सायलेन्सरमध्ये फिल्टर आहे, डीपीएफ. तो काजळी धरतो आणि गाडी चांगली तापून वेगात धावली तरच ती जाळतो. उभ्या गाडीत नुसता भरत जातो. पंधरा मिनिटांत बॅटरीपण धड भरत नाही. पंधरा दिवसांतून एकदा खेड शिवापूरपर्यंत जाऊन ये. इंजिन, ब्रेक, एसी, टायर, सगळ्याला व्यायाम होतो.

रोहन (९.०३): टोल देशपांडे काका देतील, तत्त्व म्हणून

देशपांडे काका (९.०४): रोहन, मी तुझ्या वडिलांशी बोलेन.

रोहन (९.०५): बाबा ग्रुपवर आहेत काका

रोहनचे बाबा सी-३०५ (९.०९): 🙏

भोसले काका (९.१५): टायरचं राहिलं. संदीप, आज सकाळी येता-जाता बघितले मी. नक्षी नव्यासारखी आहे म्हणून फसू नकोस. कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. तुझ्या मागच्या दोन्हींवर २२१८ आहे, म्हणजे २०१८ सालच्या बाविसाव्या आठवड्यातले. असल्या गाड्या पळतात कमी आणि ओझं कायम अंगावर. रबर झिजत नाही, वाळतं. पाच-सहा वर्षांनंतर ते काढायचेच. नक्षीच्या खाचेत बघ, केसासारख्या चिरा दिसतील. घाटात फुटला तर आत कपाटं, सिलिंडर, सगळं अंगावर येईल.

संदीप जाधव (९.१८): काका गाडी सेकंडहँड आहे, टायर त्याच्याबरोबरच आले. बघतो लगेच.

भोसले काका (९.२१): आणि पाण्याची टाकी भरून घाट चढत जाऊ नकोस. शंभर लिटर म्हणजे शंभर किलो. मुक्कामाला पोचल्यावर भर. उतरताना ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतरायचं, ब्रेकवर पाय ठेवून नाही. उभी असताना टाकी रिकामी आणि झाकण बंद, नाहीतर डास होतील.

डॉ. अत्रे (९.२२): हे महत्त्वाचं. मागच्या पावसाळ्यात ए विंगमध्ये डेंग्यूचे किती झाले ते आठवा.

कुलकर्णी काकू (९.२३): मी तेव्हाही म्हटलं होतं.

संदीप जाधव (९.२५): त्याचा माझ्या गाडीशी काही संबंध नव्हता काकू. तेव्हा ती माझ्याकडे नव्हतीच.

कुलकर्णी काकू (९.२६): मी गाडीचं नाव घेतलं नाही.

रोहन (९.३८): सीरियस प्रश्न. मला बाबांची ईको अशीच करायचीय. मागची सीट काढून बेड, छताला खिडकी, खाली गॅस. यूट्यूबवर बघून होईल का?

रोहनचे बाबा (९.३९): नाही.

देशपांडे काका (९.४८): रोहन, आता ऐक. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२. आरसीवर गाडीचे जे स्वरूप नोंदलेले आहे ते परवानगीशिवाय बदलता येत नाही. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळे मानक आहे. एआरएआय ही वाहने तपासणारी संस्था आपल्याच पुण्यात, टेकडीवर आहे, तिथे जाऊन चौकशी कर. सीट काढलीस, पत्रा कापलास आणि अपघात झाला तर विमावाला कागद बघून हात वर करेल.

संदीप जाधव (९.५१): काका बरोबर सांगताहेत. मी म्हणूनच आरसीवर कॅराव्हॅन लिहिलेलीच गाडी शोधली. घडीचा पलंग आणि सुटा डबा ठेवून ईकोत मजेत झोपता येतं, पत्र्याला हात लावू नकोस. गॅस तर अजिबात झोपायच्या जागेखाली नको. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की तळाशी साठतो. माझ्या सिलिंडरच्या कप्प्याला खाली भोक आहे, थेट रस्त्यावर उघडणारं, आणि अलार्म जमिनीलगत बसवलाय. वर लावला तर तो वाजेपर्यंत उशीर झालेला असतो. नळी सुरक्षावाली, तिच्यावर तारीख असते, पाच वर्षांनी बदलायची.

निकम वहिनी (९.५३): म्हणजे आमच्या मुलांच्या सायकलींशेजारी सिलिंडर ठेवलेला आहे?

संदीप जाधव (९.५४): पाच किलोचा आहे वहिनी, आणि गाडी उभी असताना घरी आणून ठेवतो.

निकम वहिनी (९.५४): लिफ्टने?

संदीप जाधव (९.५५): 😐

संदीप जाधव (१०.०२): सगळ्यांचं ऐकलं. आता माझं. सरकारनेच २०२१ ला कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. लोक एका फ्लॅटमागे तीन-तीन कार ठेवतात त्यांना कोणी विचारत नाही. माझी एकच गाडी. स्टिल्टमध्ये, बिल्डिंगखाली, माझी जागा आहे, पण बीमखाली ही जात नाही. मी कुठे लावू?

देशपांडे काका (१०.०४): धोरण पर्यटनाचे आहे, पार्किंगचे नाही. स्टिल्टबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल मी ग्रुपवर चार वेळा टाकला आहे. बिल्डरला ती जागा विकता येत नाही, ती सोसायटीची. आणि व्हिजिटर पार्किंग हे व्हिजिटरसाठी असते.

वैशाली पाटील (१०.०६): तीन कार कोणाच्या ते स्पष्ट लिहा संदीप.

रोहन (१०.०६): आता खरी मजा

शिंदे सेक्रेटरी (१०.१५): पुरे. माझा प्रस्ताव. संदीपने आपली स्टिल्टची जागा सोसायटीला व्हिजिटरसाठी द्यावी. बदल्यात गाडी मागच्या भिंतीलगत लावावी, ड्रेनेजच्या झाकणाजवळ. तिथे कोणाची खिडकी नाही. सबमीटर संदीपच्या खर्चाने, शेखभाई बघतील. अंतिम मंजुरी उद्या अकराच्या मीटिंगमध्ये.

कुलकर्णी काकू (१०.१७): मला चालेल. आजच हलवा म्हणजे झालं.

भोसले काका (१०.२०): भिंतीलगत उंदीर आहेत संदीप. वायरी कुरतडतात, सीटखाली घरं करतात. बॉनेटमध्ये तंबाखूची पानं ठेव आणि आत खाण्याचा एक कणही नको. पावसाआधी छतावर चढून खिडकीच्या कडा आणि रिबिटी बघ. जुनं सीलंट खरवडून काढल्याशिवाय वरून नवीन फासू नकोस, पाणी खालून शिरतं. प्लाय आतून फुगतो आणि तुला दिवाळीत कळतं. दुपारी पाइप घेऊन ये, मी छतावर पाणी मारतो, तू आत बसून बघ.

संदीप जाधव (१०.२२): येतो काका. शिंदेकाका, मला मान्य. पण मागे ती एक स्कूटर आहे ताडपत्री घातलेली, ती हलल्याशिवाय गाडी वळत नाही.

शिंदे सेक्रेटरी (१०.२५): कोणाची आहे ती? स्टिकर नाही. दोनदा नोटीस लावली होती.

शिंदे सेक्रेटरी (१०.४१): कोणाची नसेल तर भंगारवाल्याला बोलावतो.

देशपांडे काका (१०.४२): भंगारवाल्याला बोलावू नये. चेतक आमची आहे.

रोहन (१०.४२): काका व्हिजिटर

देशपांडे काका (१०.४४): ती तिथे तात्पुरती ठेवली आहे. चावी मुलाकडे बंगळूरला आहे. हँडल लॉक आहे.

भोसले काका (१०.४६): लॉक असली तरी चौघांनी उचलली की सरकते. साडेपाचला खाली या, ऊन उतरल्यावर. देशपांडे, तुम्ही फक्त ताडपत्री धरा.