अकोल्याच्या उन्हाळ्यात ५६००एक्स थेट ९५ अंशांवर: नुसता कूलर बदलू की ओव्हरक्लॉकही करू?

लग्नफिल्म_अकोला:

नमस्कार मंडळी. आमचा अकोल्यात छोटा स्टुडिओ आहे. शूटिंग नवरा आणि दीर बघतात, एडिटिंग सगळं माझ्याकडे. मशीन असं: रायझन ५ ५६००एक्स, बी५५० बोर्ड, ३२ जीबी रॅम, आरटीएक्स ३०६०. प्रोसेसरवर अजून बॉक्ससोबत आलेला रेथ स्टेल्थ कूलरच आहे.

हिवाळ्यात काही त्रास नसतो. पण एप्रिल-मे म्हणजे ऐन लग्नसराई, आणि दुपारी खोलीतच ३९-४० अंश असतात. एक्स्पोर्ट लावला की एचडब्ल्यूइन्फोमध्ये (तापमान दाखवणारा प्रोग्राम) सीपीयू ९५ वर जाऊन बसतो आणि क्लॉक, म्हणजे त्याचा वेग, पडायला लागतो. पंख्याचा आवाज एवढा की हेडफोन लावूनही सनईच्या खालच्या पट्टीतलं काही कळत नाही. साउंड मिक्सिंग मी आता रात्रीच करते.

दोन पंख्यांचा टॉवर कूलर घ्यायचा विचार आहे, थर्मलराइट पीअरलेस असॅसिन १२० एसई. कॅबिनेटच्या माहितीत कूलरची उंची जास्तीत जास्त १६० मिमी दिली आहे. दिराचं म्हणणं, एवढा मोठा कूलर घेतोच आहोत तर ओव्हरक्लॉक करून सगळे कोअर ४.८ गिगाहर्ट्झ वेगावर लॉक करून टाकू. मला धाकधूक आहे, कारण मशीन बंद पडलं तर मे महिन्यात गिऱ्हाइकाला काय सांगू? आणि डेझर्ट कूलरचा झोत कॅबिनेटवर सोडला तर चालेल का?

पुणे_गेमर:

ताई, सरळ २४० मिमीचा लिक्विड कूलर घ्या. ४.७ ला १.३ व्होल्ट द्या आणि विसरून जा. माझा असाच चालतो.

असेंबलर_नागपूर:

ताई, मी नागपुरात पीसी जुळवून देतो. गिऱ्हाइकांत एडिटिंगवाले बरेच आहेत, त्यामुळे तुमची अडचण दर उन्हाळ्यात माझ्या टेबलावर येते.

आधी एक हिशोब डोक्यात पक्का करा. हवेचा कूलर असो की लिक्विड, खोलीच्या तापमानाच्या खाली तो जाऊ शकत नाही. म्हणून नुसता ९५ हा आकडा बघू नका, खोलीपेक्षा किती वर ते बघा. ५६००एक्सचा टीडीपी (कंपनीने छापलेला उष्णतेचा आकडा) ६५ वॅट लिहिलेला असला तरी तो ७६ वॅटपर्यंत घेतो. एवढ्या लोडवर रेथ स्टेल्थ खोलीपेक्षा साधारण ५५-६० अंश वर जातो. पुण्यात खोली २५ ला असेल तर तो ८५ ला थांबतो, कुणाची तक्रार नाही. तुमच्याकडे ४० अधिक ५५ म्हणजे ९५, आणि ९५ हीच या चिपची कमाल मर्यादा. तिथे पोचला की तो स्वतःच क्लॉक उतरवतो. म्हणजे तुमचा प्रोसेसर बिघडलेला नाही, त्याला श्वास घ्यायला जागा उरलेली नाही.

तुम्ही निवडलेला टॉवर १५५ मिमी उंच आहे, १६० मध्ये बसेल. माझ्या अनुभवात तो याच लोडवर खोलीपेक्षा ४० च्या आसपास वर राहतो, म्हणजे तुमच्या भर दुपारी ८० धरा. पंखेही हळू फिरतील. ७६ वॅटच्या चिपसाठी लिक्विड लागत नाही. त्यात पंपाचीही काळजी आली, आणि लग्नसराईत ती डोक्याला नको.

जुना कूलर काढताना मात्र जिवापाड जपा. एएम४ मध्ये, म्हणजे तुमच्या बोर्डाच्या सॉकेटमध्ये, पिना प्रोसेसरला असतात आणि कूलरखालची जुनी थर्मल पेस्ट वाळून घट्ट धरते. कूलर सरळ वर ओढला तर सॉकेटचा खटका बंद असतानाही प्रोसेसर त्याला चिकटून उपसून येतो आणि पिना वाकतात. म्हणून आधी एखादा एक्स्पोर्ट लावून प्रोसेसर चांगला गरम करा. मग मशीन बंद, वायर काढलेली, कॅबिनेट आडवं. चारही स्क्रू आलटून-पालटून, समोरासमोरचे थोडे थोडे सैल करा. मग कूलर डावीकडे-उजवीकडे हलके पिळा. पेस्ट सुटली की हाताला लगेच कळतं, कूलर तेलकट काचेसारखा सरकतो. त्यानंतरच उचला. स्क्रू निघाले की बोर्डामागची लोखंडी पट्टी मोकळी होते, ती मागून हाताने धरून ठेवा. नवा कूलर त्याच पट्टीवर बसणार आहे. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नवी वाटाण्याएवढी पुरे. नव्या कूलरच्या तळाची प्लास्टिकची फिल्म काढायला विसरू नका. पंख्यांची हवा मागच्या एक्झॉस्टकडे जायला हवी.

आता ४.८ चं. दिरांना सांगा, या चिपवर सगळे कोअर लॉक करण्यात कमाई फारच थोडी आहे. तो स्वतःहून ४.६ च्या वर जातोच. सगळे कोअर ४.८ वर धरायला व्होल्टेज बरंच वाढवावं लागेल, उष्णता त्याहून जास्त वाढेल आणि एक्स्पोर्टमध्ये फरक जेमतेम दिसेल. शिवाय ओव्हरक्लॉकिंगने झालेलं नुकसान एएमडीच्या वॉरंटीत बसत नाही, पीबीओसुद्धा (प्रोसेसरच्या ठरलेल्या मर्यादा बदलायची एएमडीची सोय) त्यातच धरतात. रोजीरोटीच्या मशीनवर मी हे कुणालाच करून देत नाही.

डेझर्ट कूलरचा झोत अजिबात नको. बोअरच्या पाण्याचे बारीक तुषार उडतात, सुकल्यावर पांढरा क्षार राहतो, आणि तो बोर्डावर बसणं वाईट. खोली थंड करा, कॅबिनेट झोतापासून बाजूला ठेवा.

लग्नफिल्म_अकोला:

दादा, खूप आभार. बायोसमधल्या (मशीनच्या मूळ सेटिंग्जमधल्या) कर्व्ह ऑप्टिमायझरबद्दल वाचलं होतं, व्होल्टेज कमी होतं म्हणतात. त्याने तापमान किती उतरेल?

असेंबलर_नागपूर:

नुसतं तेच केलं तर फारसं उतरणार नाही, आणि इथे बहुतेकांची गल्लत होते. व्होल्टेज कमी झालं की चिप वाचलेली वीज क्लॉक वाढवायला वापरते, वॅट तेवढेच राहतात. म्हणून त्याच्या जोडीला बायोसमध्ये पीपीटी, म्हणजे प्रोसेसरने घ्यायच्या विजेची मर्यादा, ७६ वॅटवरून ६५ करा. तेव्हा वेग जवळपास होता तिथेच राहतो आणि उष्णता खरी कमी होते. पीबीओच्याच मेनूत तापमानाची मर्यादा ८५ करायचीही सोय असते, ती उन्हाळ्यापुरती लावून ठेवा.

कर्व्ह सगळ्या कोअरना उणे १० ने सुरू करा. एक पायरी म्हणजे अंदाजे ३ ते ५ मिलिव्होल्ट. उणे ३० पर्यंत जाता येतं, पण प्रत्येक चिप ते सोसत नाही. आणि इथे लोक फसतात ते असं: तासभर फुल लोडची टेस्ट पास होते, मग मशीन नुसतं डेस्कटॉपवर बसलेलं असताना रीस्टार्ट होतं. कारण हलक्या लोडवरच एखादा कोअर सर्वात वरच्या क्लॉकला उडी मारतो आणि तिथे व्होल्टेज अपुरं पडतं. त्यासाठी कोअरसायकलर रात्रभर चालवा, तो एकेक कोअर तपासतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'व्हिया'ची (हार्डवेअरच्या चुकीची नोंद) एरर दिसली की दोन-चार पायऱ्या मागे या. हे सगळं लग्नं नसतील तेव्हा करा. आत्ता फक्त कूलर बदला आणि पीपीटी कमी करा, यात मशीन अस्थिर व्हायचा धोका नाही.

कलर_ग्रेडिंग_ठाणे:

ताई, एक विचारू? फुटेज कोणतं आहे? सोनीचं १० बिट ४:२:२ (४:२:० पेक्षा रंगाची माहिती जास्त साठवणारं) असेल तर तुमच्या प्रोसेसरवरचा बराचसा ताण तिथलाच आहे. आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्डाचा डीकोडर (व्हिडिओ उलगडणारा भाग) एच.२६५ मध्ये ४:२:० घेतो, ४:२:२ घेत नाही. मग ते सगळं सीपीयूच्या माथी येतं. एन्व्हिडियाने ४:२:२ ची सोय ५० सीरिजपासून दिली.

लग्नफिल्म_अकोला:

हो, सोनी ए७-४ कॅमेरा आहे, एक्सएव्हीसी एचएस (सोनीचं एच.२६५ रेकॉर्डिंग), ४:२:२ वरच. दिरांनी "जास्त ते चांगलं" म्हणून ठेवलंय.

कलर_ग्रेडिंग_ठाणे:

मग पुढच्या लग्नाला कॅमेऱ्याच्या त्याच मेनूत ४:२:० १० बिट ठेवून शूट करायला सांगा. ग्रीन स्क्रीन नसेल तर लग्नाच्या फिल्ममध्ये फरक डोळ्याला दिसणं कठीण, ग्रेडिंगला महत्त्वाचे १० बिट शाबूतच राहतात. डीकोडिंग ग्राफिक्स कार्डावर जाईल. हातातल्या जुन्या फुटेजसाठी प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती, बनवा, टाइमलाइन हलकी होईल. फक्त एक लक्षात घ्या, प्रीमिअर (एडिटिंगचं सॉफ्टवेअर) एक्स्पोर्ट करताना मूळ फाइलच वाचतो, त्यामुळे त्या लग्नांच्या एक्स्पोर्टला नवा कूलर लागणारच. ते एक्स्पोर्ट पहाटे लावा, खोली तेव्हा दहा अंशांनी तरी थंड असते.