ऑनलाइन छळ: कायदा कडक करायचा की आपली फळी बांधायची?

उत्तरा_क
मागच्या आठवड्यात दुसऱ्या एका धाग्यावर जवळजवळ एकमत झालं: बायकांना ऑनलाइन छळणाऱ्यांसाठी कडक कायदा करा, चार जणांना आत टाका, विषय संपला. मला हे पटत नाही. कारण युगांडा.

तिथे २०११ चा संगणक गैरवापर कायदा आहे आणि त्यात 'सायबर छळ' हा गुन्हा आहे. स्टेला न्यान्झी ही मकेरेरे विद्यापीठातली संशोधक. राष्ट्राध्यक्ष मुसेवेनींनी २०१६ च्या निवडणुकीत शाळकरी मुलींना फुकट सॅनिटरी पॅड देऊ म्हणून सांगितलं. निवडून आल्यावर शिक्षणमंत्री, म्हणजे त्यांच्याच सौभाग्यवती, म्हणाल्या की पैसे नाहीत. न्यान्झीने लोकांकडून पॅड गोळा करून शाळांत वाटायला सुरुवात केली आणि फेसबुकवर मुसेवेनींना सरळ 'ढुंगण' म्हटलं. ३३ दिवस तुरुंगात. २०१८ मध्ये त्यांच्या वाढदिवसाला तिने एक शिवराळ कविता टाकली, पुन्हा अटक, आणि २०१९ मध्ये १८ महिन्यांची शिक्षा. कलम कोणतं? सायबर छळ! छळ कोणाचा, तर १९८६ पासून खुर्चीवर बसलेल्या माणसाचा. फेब्रुवारी २०२० मध्ये उच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली, तोवर बाईची बहुतेक सगळी भोगून झाली होती.

उलट नायजेरिया बघा. जुलै २०२० मध्ये काही तरुण मुलींनी 'फेमिनिस्ट कोअलिशन' काढलं. ऑक्टोबरमध्ये पोलिसांच्या 'सार्स' या दरोडाविरोधी पथकाच्या अत्याचारांविरुद्ध आंदोलन पेटलं तेव्हा जखमींची दवाखान्याची बिलं, पकडलेल्यांना वकील, मोर्चात जेवणपाणी हे सगळं त्यांनी उभं केलं. देणग्यांचं बँक खातं अडवलं, तर बिटकॉइन घेतले. साधारण १४ कोटी ७० लाख नायरा जमले, आणि हिशेब जाहीर मांडला. बाईला सुरक्षित ठेवते ती अशी फळी.

व्ही राजे
उत्तराताई, नायजेरियाचं उदाहरण इथे लागूच होत नाही. ते आंदोलन पोलिसी अत्याचाराविरुद्ध होतं. एखाद्याने जुन्या मैत्रिणीचे खासगी फोटो ग्रुपवर टाकले तर जेवणपाणी देऊन काय होणार?

दक्षिण आफ्रिकेचा सायबरक्राइम कायदा बघा, २०२१ मध्ये त्यावर सही झाली. संमतीशिवाय खासगी छायाचित्र पसरवणं हा स्पष्ट गुन्हा. शिवाय खटला चालू असतानाच न्यायदंडाधिकाऱ्याकडून मजकूर हटवण्याचा आदेश मिळवण्याची तरतूद त्यात लिहिली आहे. युगांडाचा कायदा ढिसाळ लिहिला म्हणून कायदाच नको, हे कुठलं तर्कशास्त्र?

पाचगणीकर
आफ्रिकेतल्या भानगडी इथे कशाला? आपल्याकडे काय कमी आहेत का?

झुंबर
@पाचगणीकर, आपल्याकडच्याच आहेत हो. नोव्हेंबर २०१२, पालघर. बाळासाहेबांच्या निधनानंतरच्या बंदवर एका मुलीने फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या, दुसरीने लाइक केलं, दोघींना अटक. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ. सर्वोच्च न्यायालयाने ते २०१५ मध्ये रद्द केलं. युगांडाच्या घटनात्मक न्यायालयाने त्यांचं 'आक्षेपार्ह संदेश'वालं २५ वं कलम जानेवारी २०२३ मध्ये रद्द केलं. झेरॉक्स वाटावी इतकं सारखं.

पण मूळ धाग्याशीही मी सहमत नाही. उत्तराताईंची ही फळी, म्हणजे 'सामूहिक काळजी', ऐकायला गोड आहे. प्रत्यक्षात काय होतं? एका बाईला शिव्या पडतात आणि तिच्या पाच मैत्रिणी रात्री जागून स्क्रीनशॉट काढत बसतात, फुकटात. ज्यांच्या जिवावर कंपनी पैसे कमावते त्यांनीच साफसफाईही करायची. नैरोबीत फेसबुकचा घाणेरडा मजकूर तपासणारी मुलं तरी पगारावर होती, आणि त्यांचंही डोकं फिरायची वेळ आली. त्यांच्यातल्याच डॅनियल मोटाउंगने २०२२ मध्ये मेटावर, म्हणजे फेसबुकच्या कंपनीवर, खटला भरला. २०२४ मध्ये केनियाच्या अपील न्यायालयाने सांगितलं की मेटावर तिथे खटला चालू शकतो. धरायचं असेल तर ही मानगूट धरा.

उत्तरा_क
@झुंबर, कंपनीचं शंभर टक्के मान्य. पण खटला निकाली निघेपर्यंत त्या बाईने फोन कोणाच्या हातात द्यायचा? राजेसाहेब, तुमचा आदेश मिळवायचा तर तोच फोटो ठाण्यातल्या हवालदाराला दाखवावा लागतो, तो आणखी दोघांना बोलावतो. 'पॉलिसी' नावाच्या युगांडातल्या संस्थेने २०२० मध्ये पाच आफ्रिकी देशांतल्या तीन हजारांवर बायकांशी बोलून अहवाल काढला. साधारण २८ टक्क्यांनी ऑनलाइन हिंसा अनुभवली होती. एवढ्या बायका कोर्टाच्या पायऱ्या चढणार आहेत का? मैत्रीण बसते, मेसेज ती वाचते, पुरावे ती साठवते, तुम्हाला परत परत बघावं लागत नाही. हे फुकटचं काम आहे हे खरं, म्हणूनच त्यासाठी निधी मागतात तिकडच्या संघटना.

व्ही राजे
ते असो. मला न्यान्झीच्या कवितेबद्दल विचारायचंय, ते कोणीच बोलत नाहीये. कविता मुसेवेनींच्या वारलेल्या आईच्या शरीरावर आहे. उद्या कोणी एखाद्या पत्रकार बाईच्या आईबद्दल असं लिहिलं, तर तुम्ही पहिल्या 'गुन्हा दाखल करा' म्हणाल.

उत्तरा_क
नाही म्हणणार. घाण आहे म्हणेन, ब्लॉक करेन. आणि लष्कर, पोलीस, तुरुंग हाताशी असलेला माणूस आणि ती पत्रकार एका तागडीत कसे? युगांडात वसाहतीच्या काळापासून असं मुद्दाम उद्धट बोलण्याची राजकीय परंपरा आहे, १९४० च्या दशकात इंग्रजांना अशीच उर्मट पत्रं गेली होती.

व्ही राजे
परंपरेचं इंग्रजांपुढे ठीक. कलम लिहिताना 'सत्तेवरचा माणूस' वगळा असं लिहिता येत नाही.

मीरा पु.
वगळायची गरज नाही. 'छळ', 'आक्षेपार्ह' असले शब्द काढा, तीनच गोष्टी ठेवा: संमतीशिवाय खासगी फोटो, घरचा पत्ता किंवा नंबर जाहीर करणं, मारण्या-बलात्काराची धमकी. अपमानाला गुन्हा धरू नका, मग न्यान्झीही सुटते आणि पालघरही होत नाही. आफ्रिकी मानवाधिकार आयोगाने २०२२ च्या ठराव ५२२ मध्ये डिजिटल हिंसेविरुद्ध कायदे करा म्हटलंय. तिकडच्या स्त्रीवादी काही कायद्याच्या वैरी नाहीत.

झुंबर
मीराताई, तीन कलमं छान. पण दोनशे जण एकाच बाईवर तुटून पडले, प्रत्येकाने फक्त 'लाज नाही वाटत?' एवढंच लिहिलं, फोटो नाही, पत्ता नाही, धमकी नाही. यातला आरोपी कोण?