अनुभव धागा : लांगदॉक आणि रूसियों – कालवा, किल्ले, किनारा, द्राक्षमळे

दक्षिण फ्रान्समध्ये रोन नदीच्या पश्चिमेपासून स्पेनच्या हद्दीपर्यंतच्या पट्ट्यात जायचं तर काय माहीत हवं, ते इथे जमवू या. वर्णनं नकोत. वेळा, मापं, काय चुकतं आणि का, एवढं लिहा.

सुरुवात माझ्यापासून. गावातल्या खानावळींचं जेवण साधारण १२ ते २. दीड वाजून गेला की स्वयंपाकघर आवरायला लागतं आणि मग सातपर्यंत गरम काही मिळत नाही. रविवारी दुपारनंतर दुकानं बंद, सोमवारीही बरीचशी. पाव, चीज, फळं, पाणी शनिवारीच भरून ठेवा. पेझेनाचा आठवडी बाजार शनिवारी असतो, सेतचा बुधवारी.

कालवाकाठ

कॅनाल द्यू मिदी हा कालवा तुलूझपासून ‘तो’ (Thau) नावाच्या खाऱ्या तळ्यापर्यंत २४० किमी आहे. पिएर-पॉल रिके यांनी १६६६ मध्ये काम सुरू केलं, १६८१ मध्ये ते पुरं झालं. भाड्याच्या बोटीला परवाना लागत नाही, निघण्यापूर्वी थोडा वेळ शिकवतात. वेगमर्यादा ताशी ८ किमी. लाटांनी काठ ढासळतो म्हणून ती पाळायची.

नवख्यांनी आर्जांस ते फोन्सेरान हा ५४ किमीचा टप्पा घ्यावा. मध्ये एकही जलपाश (बोट वर-खाली नेणारा दारांचा हौद, lock) नाही आणि ल सोमाय, कापेस्तांग, मालपासचा १६५ मीटरचा बोगदा, सगळं वाटेत येतं. बोगद्यात एका वेळी एकच बोट मावते, शिरण्याआधी भोंगा वाजवा. कापेस्तांगचा कमानी पूल फारच बुटका आहे. छत्री, टपावरच्या सायकली आधीच उतरवा आणि बोट कमानीच्या बरोबर मधोमध ठेवा.

जलपाशात गोंधळ होतो तो दोरावरून. उतरताना दोर खुंट्याला कधीही गाठ मारून बांधू नका. पाणी खाली जातं, बोट दोराला लटकते आणि कलंडू शकते. खुंट्याभोवती एकच वेढा घ्या, टोक हातात ठेवा आणि हळूहळू सोडत राहा. चढताना उलटं, ढील गोळा करत जायची. एकाला दोर घेऊन आधीच काठावर उतरवा. वरच्या दारांतून पाणी जोरात घुसतं, म्हणून बोट मागे ठेवा. इथले जलपाश लंबगोल आहेत, कारण सरळ भिंती मातीच्या दाबाने आत येत. गोलाईमुळे बोट भिंतीला नीट टेकत नाही, तेव्हा पुढचा आणि मागचा असे दोन्ही दोर हवेतच.

बेझिएजवळच्या फोन्सेरानला जलपाशांचा जिना आहे, चढ २१.५ मीटर. जिन्यात समोरासमोरच्या बोटींना एकमेकींना ओलांडता येत नाही, म्हणून चढायच्या आणि उतरायच्या वेळा वेगळ्या. आदल्या दिवशी विचारून ठेवा. जेवणाच्या वेळी जलपाशही बंद असतात.

काठच्या चिनारांना दोर बांधू नका, खिळा ठोकू नका. २००६ पासून एक बुरशी ही झाडं मारते आहे. ती सालीवरच्या जखमेतून शिरते आणि मुळांतून शेजारच्या झाडात जाते. रांगाच्या रांगा तोडून जाळाव्या लागल्या. उघडे काठ पाहून जीव तुटतो.

गडवाट

पेरपेर्त्यूझ आणि केरिब्यूस (७२८ मी.) यांना सर्रास ‘कॅथारांचे किल्ले’ म्हणतात (कॅथार म्हणजे मध्ययुगातला एक बंडखोर ख्रिस्ती पंथ). आज दिसणारी बरीच तटबंदी मात्र नंतरच्या फ्रेंच राजांची. १६५९ च्या तहापर्यंत फ्रान्स-स्पेनची सीमा इथेच होती. पेरपेर्त्यूझच्या बालेकिल्ल्यावर खडकात कोरलेल्या पायऱ्या आहेत, पण चुनखडी पावलांनी गुळगुळीत झालेली. चांगल्या पकडीचे बूट घाला. माथ्यावर पाणी नाही, सावली नाही.

वायव्येकडून ‘त्रामोंतान’ वारा सुटला किंवा वीज-पाऊस आला की किल्ला बंद ठेवतात, म्हणून सकाळी चौकशी करूनच निघा. गाडी वाऱ्याकडे तोंड करून लावा. पाठीमागून वारा आला तर दार हातातून सुटून बिजागरीतून वाकतं. उन्हाळ्यात वणव्याच्या धोक्यामुळे रानवाटाही बंद करतात. ऑगस्ट २०२५ मध्ये कोर्बिएरमध्ये सुमारे १६,००० हेक्टर जळलं, तेव्हा बंदीचा फलक ओलांडू नका.

गाडीसाठी भारतातून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या. गावात फलक नसेल तर उजवीकडच्या गल्लीतून येणाऱ्याला आधी वाट द्यायची. आपण मोठ्या रस्त्यावर असलो तरी. पिवळा चौकोन दिसला तर हक्क आपला, त्यावर काळी रेघ असली की संपला. पंपावर ‘गाझ्वाल’ म्हणजे डिझेल.

शिंपला

किल्ल्यांवर नकोसा त्रामोंतान वारा ‘तो’ तळ्यावर मात्र हवाहवासा. कडक उन्हात वारा पडला की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि कालवं (ऑयस्टर) मरतात. स्थानिक बोलीत त्याला ‘मालेग’ म्हणतात, वाईट पाणी. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी नगण्य, म्हणून तळ्याकाठच्या बूझिगला कालवांची पिल्लं सिमेंटच्या ठिपक्यांनी दोरांना चिकटवून पाण्यात लोंबती सोडतात. कालवं इथे कच्चीच येतात. कच्चं चालत नसेल तर ‘ग्रातिने’, म्हणजे वरून भाजलेली, मागा. सोबत पिकपूल द पिने: आंबटसर पांढरी वाइन, थंडगार. सेतला ‘तिएल’ खा, ऑक्टोपस आणि टोमॅटोचं तिखट सारण भरून भाजलेला ‘पाय’ (pie).

वेलमांडव

बान्यूल्स-कोलिऊरचे मळे स्लेटसारख्या शिस्ट खडकाच्या पायऱ्यांवर आहेत, कोरड्या दगडी बांधांचे. पावसाच्या लोंढ्याने माती जाऊ नये म्हणून पाट एकमेकांना छेदत जातात, त्यांना ‘कोंबड्याचा पाय’ म्हणतात. थांबून पाहण्यासारखं काम आहे. बान्यूल्स वाइन गोड असते, कारण आंबणं अर्ध्यात असताना शुद्ध मद्यार्क घालतात, यीस्ट मरतं, साखर उरते. पिंपात हवेवर मुरलेली बाटली उघडल्यावर कित्येक आठवडे टिकते. ‘रिमाज’ प्रकार, म्हणजे हवा न लागू देता बाटलीत भरलेला, तसा टिकत नाही.

चव घेताना थुंकायला भांडं असतं, ते वापरा. चालकासाठी मर्यादा रक्तात लिटरला ०.५ ग्रॅम आहे, नव्या परवानाधारकांना ०.२. नाशिकची तोड जानेवारी-मार्चची, इथली ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर. त्या दिवसांत छोट्या तळघरांत बोलायला कुणाला सवड नसते, मे-जून बरा. परतताना भारतात माणशी २ लिटरपर्यंत शुल्क नाही. बाटल्या चेक-इन सामानात ठेवा.

धागाकर्ती

शाकाहारींसाठी : कासुले दिसायला वालाची उसळ, पण त्यात बदक, डुक्कर आणि चरबी असते. पेझेनाच्या रिळासारख्या छोट्या ‘पाय’मध्ये (pie) मटण आणि साखर एकत्र असते. ती पाककृती १७६८ मध्ये तिथे राहिलेल्या रॉबर्ट क्लाइव्हच्या स्वयंपाक्यांनी आणली, असं गाव मानतं. सालाडवर बरेचदा अँचोवी (छोटा खारवलेला मासा) असते, ‘सां आंश्वा’ म्हणजे अँचोवीशिवाय, हे आधीच सांगा.