मदत हवी आहे: सप्ताहात एचआयव्हीवर बोलण्यासाठी मराठी साहित्य

नमस्कार मंडळी. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला, गावच्या भजनी मंडळात आहे. यंदाच्या सप्ताहात एका संध्याकाळी कीर्तनाआधी अर्धा तास एचआयव्हीवर बोलायचं ठरलंय. महाराज तयार आहेत, शेजारच्या चर्चच्या महिला मंडळानंही येतो म्हटलंय. अडलंय ते साहित्यावर. आम्हाला मिळालेले तक्ते कन्नडमध्ये आहेत आणि आमच्या आयाबायांना कन्नड वाचता येत नाही.

गरज का, ते सांगतो. गेल्या महाप्रसादाला एचआयव्ही असलेल्या एका ताईंना पंगतीत न बसवता ओसरीवर पत्रावळ वाढली. पाण्याचा तांब्याही वेगळा. भाताची बुट्टी दुसऱ्यांदा फिरली, ती त्यांच्याकडे वळलीच नाही. माउलींचं नाव घेऊन हे चालत असेल तर टाळ वाजवून उपयोग काय?

सोबत जेवल्याने हा विषाणू पसरत नाही. विषाणूला आटोक्यात ठेवणारी एआरटीची औषधं सरकारी केंद्रात मोफत मिळतात. ती नियमित घेऊन विषाणू चाचणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, की शरीरसंबंधातूनही लागण होत नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने भेदभावाला बंदी आहे. १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे. हे सगळं सोप्या मराठीत, मोठ्या चित्रांसह हवंय.

कुणाकडे फ्लिपचार्ट किंवा पथनाट्याची संहिता आहे का? निपाणी, चिकोडीकडे कुणी मंदिरात, मशिदीत असा कार्यक्रम घेतलाय का? आणि मुख्य म्हणजे, बोलताना गावाच्या नजरा त्या ताईंच्या घराकडे वळू नयेत म्हणून तुम्ही काय काळजी घेता?