प्रतिमेचा अन्वयार्थ लावताना पुरावा नेमका कशाला म्हणायचे?

जिज्ञासू:
नमस्कार. पदव्युत्तर लघुप्रबंधासाठी मी दृश्य संस्कृती हा विषय घेतला आहे. अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिया लँग यांनी १९३६ साली कॅलिफोर्नियात टिपलेले आणि 'मायग्रंट मदर' (स्थलांतरित आई) या नावाने ओळखले जाणारे छायाचित्र लोकांनी कसकसे वाचले, यावर मी लिहीत आहे. पहिल्या प्रकरणात मी असे म्हटले होते की, त्या स्त्रीचा गालापाशी टेकलेला हात अगतिकता दाखवतो आणि तिच्या दोन्ही खांद्यांशी बिलगून पाठमोरी उभी असलेली मुले म्हणजे जगाने या कुटुंबाकडे फिरवलेली पाठ आहे. मार्गदर्शकांनी समासात एवढेच लिहिले: "हे चित्रात आहे, की तुमच्या मनात?"

अर्थ शेवटी पाहणाराच लावतो, असे या विषयाच्या पुस्तकांतून सतत वाचायला मिळते. मग पुरावा मागायचा तो कशाच्या आधारे? आणि सर्वच अर्थ सारखे ग्राह्य नसतील, तर त्यांतला टिकणारा कोणता आणि न टिकणारा कोणता, हे ठरवायचे कसे? लोकांच्या मुलाखती घेतल्याने हा प्रश्न सुटेल का, हेही जाणकारांनी सांगावे.

रंगरेषा:
मार्गदर्शकांचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याला उत्तरही आहे. कला-इतिहासकार एर्विन पॅनोफ्स्की यांनी १९३९ मध्ये चित्र वाचण्याच्या तीन पायऱ्या मांडल्या: समोर काय दिसते, ते परंपरेने कशाचे चित्रण मानले जाते, आणि त्यातून त्या काळाची कोणती धारणा व्यक्त होते. या पायऱ्या सगळेच उद्धृत करतात, पण त्यांनी दिलेले एक उदाहरण मात्र फारसे कोणी नीट वाचत नाही. तुमच्या कामाचे तेच आहे.

सतराव्या शतकातील इटालियन चित्रकार फ्रान्चेस्को माफेई यांच्या एका चित्रात एक तरुण स्त्री आहे. तिच्या एका हातात तलवार आहे आणि दुसऱ्या हातात तबक, त्यात पुरुषाचे छाटलेले मुंडके. बायबलशी निगडित कथांतील सलोमी आणि ज्युडिथ या दोन स्त्रियांपैकी ही कोण? तबकात मुंडके मिळाले ते सलोमीला, परंतु तिने स्वतः तलवार चालवली नव्हती. स्वतःच्या हाताने शिरच्छेद केला तो ज्युडिथने, परंतु कथेप्रमाणे तिने मुंडके पिशवीत टाकले होते. म्हणजे मूळ कथा वाचून निकाल लागत नाही; दोन्ही बाजूंना एकेक वस्तू साक्ष देते आणि एकेक विरोधात जाते. पॅनोफ्स्की यांनी मग त्या परिसरातील इतर चित्रे धुंडाळली. सोळाव्या शतकातील जर्मनी आणि उत्तर इटलीत तबक घेतलेली ज्युडिथ निःसंशयपणे रंगवली गेली होती, परंतु तलवारधारी सलोमीचा एकही दाखला त्यांना मिळाला नाही. म्हणून ही ज्युडिथ.

येथे अंतःस्फूर्तीवर काहीही सोडलेले नाही. निष्कर्ष कशामुळे कोसळेल हेसुद्धा स्पष्ट आहे: तलवार घेतलेल्या सलोमीची चित्रे सापडू द्या, वाद पुन्हा उभा राहील. ज्या विधानाला असे काही धक्का देऊ शकत नाही, ते माझ्या लेखी अन्वयार्थ नव्हे, ती केवळ भावना.

कृष्णधवल:
रंगरेषा यांचे म्हणणे अशा जुन्या कथाचित्रांच्या बाबतीत मान्य, पण छायाचित्राला ते जसेच्या तसे लागू करता येईल असे मला वाटत नाही. छायाचित्र कोणत्याही ठरलेल्या कथेचे चित्रण नसते. त्याचा अर्थ बव्हंशी त्याच्या प्रवासात घडतो: ते कोठे छापले गेले, खाली कोणती ओळ होती, काय कापले गेले.

हे छायाचित्र लँग यांनी एका सरकारी योजनेसाठी काढले आणि १९३६ च्या मार्चमध्येच ते सॅन फ्रान्सिस्कोच्या वर्तमानपत्रात उपाशी शेतमजुरांविषयीच्या मजकुरासोबत आले. त्या वेळी ते मदतीचे आवाहन होते. पुढे कलासंग्रहालयाच्या भिंतीवर ते मातृत्वाचे प्रतीक झाले, टपाल तिकिटावर ते राष्ट्राच्या सोशिकतेचे चित्र ठरले. चेहरा तोच, सुरकुत्या त्याच. नंतर निगेटिव्हमध्ये थोडी दुरुस्तीही झाली; उजव्या कोपऱ्यात तंबूचा खांब धरलेला एक अंगठा दिसत होता, तो पुसट करण्यात आला. रचनेच्या दृष्टीने तो खटकणारा होता हे खरे. परंतु 'जसे दिसले तसे' अशा विश्वासाने पाहिल्या जाणाऱ्या प्रतिमेत हे घडले आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, त्या स्त्रीचे नाव १९७८ पर्यंत जगाला ठाऊक नव्हते. फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्प्सन पुढे आल्या तेव्हा कळले की त्या चेरोकी या अमेरिकेतील मूलनिवासी समाजाच्या वंशातील होत्या. तोवर चार दशके हा चेहरा गोऱ्या शेतकरी कुटुंबाच्या हालअपेष्टांचे चित्र म्हणूनच पाहिला गेला होता. शिवाय कुटुंबाने गाडीचे टायर विकून अन्न घेतले, असे लँग यांनी नोंदवले होते. ते कुटुंबाने साफ नाकारले. आता सांगा, यातील काय 'चित्रात' होते? त्यामुळे जिज्ञासू यांनी छायाचित्राच्या चार कडांच्या आत पुरावा शोधत बसू नये. फोटोओळी, छापील पाने, प्रदर्शनांतील मांडणी हीच त्यांची साधने.

ओळीचा प्रभाव किती असतो, हे कलासमीक्षक जॉन बर्जर यांनी १९७२ मध्ये फार साधेपणाने दाखवले. त्यांनी व्हॅन गॉगचे कावळे उडत असलेल्या शेताचे चित्र छापले आणि पान उलटल्यावर तेच चित्र पुन्हा देऊन खाली लिहिले की, आत्महत्येपूर्वीचे हे त्याचे अखेरचे चित्र. ते अखेरचे नव्हते, हे आज बहुतेक अभ्यासक मानतात. तरीही ती ओळ वाचल्यावर कावळे अशुभ दिसू लागतात ते लागतातच.

समास:
दोन्ही प्रतिसाद मोलाचे आहेत. पण प्रत्यक्ष पाहणारा दोघांच्याही मांडणीत कोठे दिसत नाही. फोटोओळ बदलली म्हणून वाचकाने अर्थही बदललाच, असे गृहीत धरता येत नाही. संस्कृती-अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्ये दूरचित्रवाणीसंदर्भात दाखवले की, पाठवणाऱ्याला अभिप्रेत असलेला अर्थ प्रेक्षक स्वीकारतो, त्याच्याशी तडजोड करतो किंवा तो उलटवून वाचतो. यांपैकी काय घडले, हे विचारल्याखेरीज कळत नाही.

मात्र विचारण्यातच मेख आहे. रशियन संशोधक आल्फ्रेड यार्बुस यांनी साठच्या दशकात रशियन चित्रकार रेपिन यांच्या एका चित्रासमोर प्रेक्षकाला बसवून त्याच्या नजरेचा माग नोंदवला. दीर्घकाळानंतर घरी परतलेला एक माणूस दारातून आत येतो आहे, असे ते चित्र. व्यक्तींची वये विचारली तेव्हा नजर चेहऱ्यांवर खिळली. कुटुंबाची सांपत्तिक स्थिती विचारली तेव्हा ती कपडे आणि सामानसुमान यांवर फिरली. चित्र एक, पाहणारा एक, वाट प्रत्येक वेळी निराळी. तेव्हा तुम्ही मुलाखतीत "या स्त्रीचे दुःख तुम्हाला कसे जाणवते?" असे विचारलेत तर दुःखच हाती लागेल. आधी फोटोओळ झाकून छायाचित्र दाखवावे, "काय काय दिसते?" एवढेच विचारावे, उत्तर शब्दशः उतरवून घ्यावे, मग ओळ उघडून तोच प्रश्न पुन्हा करावा. दोन उत्तरांतील फरक हा तुमचा पुरावा. पण आजच्या लोकांच्या उत्तरांवरून १९३६ च्या वाचकांविषयी काही सिद्ध होणार नाही, तेथे कृष्णधवल यांचीच साधने लागतील.

जिज्ञासू:
मनःपूर्वक आभार. मग पाठमोऱ्या मुलांविषयीचे वाक्य मी सरळ काढून टाकावे काय?

रंगरेषा:
काढू नका, तपासा. लँग यांनी त्या भेटीत या कुटुंबाची आणखीही छायाचित्रे काढली होती आणि ती अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाच्या संग्रहात पाहता येतात. त्यांतील एकात एक मूल आईच्या खांद्यावर हनुवटी टेकून उभे आहे आणि त्याचा चेहरा स्पष्ट दिसतो. ते छायाचित्र गाजलेल्या छायाचित्राशेजारी ठेवून पाहा. एकात नजर आईकडून मुलाकडे आणि पुन्हा आईकडे अशी फिरत राहते. दुसऱ्यात मुलांचे चेहरेच नसल्यामुळे ती आईच्या कपाळावर आणि गालापाशी टेकलेल्या बोटांवर स्थिरावते. "जगाने पाठ फिरवली" हे तुम्हाला कशावरूनही दाखवता येणार नाही. "मुलांचे चेहरे न दिसल्यामुळे सर्व भार आईच्या चेहऱ्यावर येतो, आणि प्रसिद्धी मिळाली ती याच छायाचित्राला" हे मात्र दोन छायाचित्रे शेजारी छापून दाखवता येईल. आणि समास यांनी सुचवलेल्या पद्धतीने लोकांसमोर दोन्ही ठेवून ते खोटे ठरते का, हेही पाहता येईल.