मदत हवी आहे: शिफ्ट सुपरवायझरांचा थकवा रजेनेही जात नाही, कामाच्या रचनेत काय बदलावे?

नमस्कार. बेळगावच्या उद्यमबागेतील एका मशिनिंग कारखान्यात मी नऊ वर्षे मनुष्यबळ विभाग सांभाळते. आमच्याकडे हायड्रॉलिक पंपांचे सुटे भाग तयार होतात, काम तीन पाळ्यांत चालते आणि सुमारे सत्तर माणसे आहेत. त्यांत चार शिफ्ट सुपरवायझर असून हा धागा त्यांच्यासाठी काढला आहे.

गेल्या दीड वर्षात या चार जागांवरील दोघांनी राजीनामा दिला. त्यांपैकी एकाला दुसरीकडे जास्त पगार मिळाला असावा असे मी धरून चालले होते. प्रत्यक्षात तो कमी पगारावर खानापूर भागातील आपल्या गावाजवळच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये गेला आहे. निघताना तो म्हणाला, "मॅडम, कामाचं काय वाटत नाही, पण जेवाय बसलो तरी मी कारखान्यातच असतोय." त्या वेळी मी ते फारसे मनावर घेतले नाही, याची आज खंत वाटते.

आता तीच चिन्हे आमच्या सर्वांत अनुभवी सुपरवायझरांमध्ये दिसू लागली आहेत. मशीनच्या आवाजावरून टूल झिजल्याचे ओळखणारे आणि नव्या मुलांना हाताला धरून शिकवणारे हे गृहस्थ हल्ली कोणी शंका विचारली की "तुमचं तुम्ही बघा" एवढेच म्हणतात. रिजेक्शन वाढले तरी ते कारण शोधायला जात नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची व्याख्या करताना शक्ती संपून गेल्याची भावना, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा आणि कामगिरी खालावणे अशा तीन गोष्टी सांगितल्या आहेत. मला त्या तिन्ही येथे दिसतात. त्याच व्याख्येत बर्नआउटला आजार न म्हणता, कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळ चाललेल्या आणि नीट न हाताळलेल्या ताणातून येणारी स्थिती म्हटले आहे. म्हणूनच तपासणी माणसाची करण्याआधी कामाची करावी, असे माझे मत झाले आहे.

आम्ही आतापर्यंत दोन उपाय केले. पहिला म्हणजे योगाभ्यासाचे वर्ग. वर्ग चांगले होते, पण ते पाळी सुटल्यावर ठेवल्यामुळे ज्यांना विश्रांतीची सर्वाधिक गरज होती त्यांनाच दीड तास जास्त थांबावे लागले. ही चूक माझी होती. दुसरा उपाय रजेचा. गणपतीत या ज्येष्ठ सुपरवायझरांना आग्रहाने आठ दिवसांची रजा दिली, परंतु परत आल्यावर त्यांचा चेहरा पूर्वीइतकाच ओढलेला होता. विचारले तेव्हा ते म्हणाले, "रजा कसली, घरी बसून बी फोनच उचलूलोय."

त्यानंतर मी त्यांना, परत आल्यापासून पाळीबाहेर येणारे फोन आठ दिवस एका वहीत टिपून ठेवण्याची विनंती केली. एकूण एकोणीस फोन झाले आणि कारणे मात्र चारच निघाली: नव्या इन्सर्टसाठी (टूलच्या बदलता येणाऱ्या कापणाऱ्या टोकासाठी) स्टोअरची परवानगी, मशीन बंद पडल्यावर कोणाला बोलवायचे हा निर्णय, गैरहजर ऑपरेटरच्या जागी कोणाला उभे करायचे, आणि मापाच्या सीमेवरचा माल पाठवायचा की बाजूला ठेवायचा. रात्रपाळीचा सेटर, म्हणजे मशीनची जुळणी करणारा कामगार, यांतील बरेच निर्णय घेऊ शकतो, परंतु त्याला तसा अधिकार कोणी दिलेला नाही. ऑपरेटर जास्त थांबला तर ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यावा लागतो, म्हणून त्याचा तास न् तास आमच्या नोंदवहीत असतो. सुपरवायझरचे घरी बसून केलेले हे काम मात्र कोठेच नोंदले जात नाही आणि त्यामुळे ते कोणाला दिसतही नाही.

मालकांचे मन वाईट नाही. "मी स्वतः वीस वर्षे रात्री फोन उचलले आहेत," असे ते प्रामाणिकपणे सांगतात. त्यांना पटेल असे काय मांडावे, हा माझा पहिला प्रश्न आहे. दुसरा प्रश्न असा की लहान कारखान्यात अधिकारांची अशी वाटणी कोणी केली असल्यास सुरुवात कोठून केली, आणि सेटरकडून पहिली चूक झाली तेव्हा ती कशी हाताळली? तिसरा प्रश्न नाजूक आहे. समुपदेशनाचा विषय काढताच सुपरवायझर गप्प होतात, कारण धारवाडला मनोरुग्णालय असल्याने आपल्याकडे कोणाला "धारवाडला न्या" म्हटले की त्याचा काय अर्थ घेतला जातो हे बेळगावच्या वाचकांना ठाऊकच आहे. त्यांचा मान राखून हे कसे सुचवावे?

प्रतिसाद, निपाणीहून

ताई, मी फाउंड्रीत उत्पादन विभाग सांभाळून निवृत्त झालो आहे. मालकांसमोर थकव्याचे बोलणे आधी काढू नका, तुमची ती वही ठेवा. एका सुपरवायझरच्या जागी नवा माणूस तयार होईपर्यंत किती महिने गेले आणि त्या काळात किती माल नाकारला गेला, हा तुमच्याच कारखान्याचा हिशेब शेजारी मांडा. त्यांच्या स्वतःच्या तब्येतीचाही विचार त्यांना करू द्या: जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार आठवड्याला 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत 55 किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्के अधिक असतो.

अधिकार एकदम देऊ नका. आम्ही प्रथम फक्त टूलच्या कपाटाची चावी आणि ठरावीक संख्येपर्यंत इन्सर्ट काढण्याची मुभा सेटरला दिली होती. शंकास्पद माल रात्री पाठवायचाच नाही, लाल पेटीत ठेवून सकाळी ठरवायचे, एवढा नियम केला की तो फोन आपोआप थांबतो. चूक झाली तर पहिल्या महिन्यात सर्वांसमोर बोलू नये; आम्ही एकदा बोललो आणि त्या सेटरने पुन्हा कपाट उघडले नाही.

समुपदेशनासाठी धारवाडचे नाव घेण्याची गरज नाही. टेलिमानस ही फोनवरून मानसिक आरोग्याची मदत देणारी केंद्र सरकारची सेवा 14416 या क्रमांकावर मोफत आणि चोवीस तास मिळते व भाषा निवडता येते. हा क्रमांक एकट्याला न देता सर्वांच्या सूचनाफलकावर मराठीत आणि कन्नडमध्ये लावा, म्हणजे कोणाकडे बोट दाखवल्यासारखे होणार नाही.

धागाकर्ती

काका, मनापासून आभार. लाल पेटीची कल्पना मला सुचलीच नव्हती आणि ती सोमवारीच सुरू करता येईल. चावीविषयी मालकांशी आज बोलले. एका महिन्यासाठी, एकाच पाळीत करून पाहण्यास त्यांनी होकार दिला आहे. मात्र एक अडचण उरते. पुढे भाताची सुगी आली की खानापूर आणि बेळगाव तालुक्यांतील आमची निम्मी माणसे एकाच वेळी रजा मागतात, सेटरही त्यांतच असतो आणि सगळा भार पुन्हा सुपरवायझरवर येऊन पडतो. सुगीच्या रजा आधीपासून वाटून घेण्याची पद्धत कोणाकडे चालू असल्यास कृपया तपशिलात लिहावे.