मदत हवी आहे: जुन्या लॅपटॉपमध्ये वायफाय कार्ड दिसतं, पण नेटवर्क एकही सापडत नाही (नागपूर)

नमस्कार मंडळी,

मानेवाडा भागात आम्ही चार-पाच जण मिळून एक छोटी अभ्यासिका चालवतो. वीस-बावीस खुर्च्या, एक कूलर, पेपरचा स्टँड, बस. येणारी पोरंपोरी एमपीएससी, पोलीस भरती, तलाठी असा अभ्यास करतात. त्यांना मोबाइलवरून अर्ज भरताना मी रोज पाहतो. फोटो ठरावीक केबीत बसवायचा, सहीचा फोटो कापायचा, आणि मधेच फोन आला की भरलेलं पान पुन्हा कोरं. मागच्या आठवड्यात एका मुलीचा दाखला चुकीच्या रकान्यात अपलोड झाला, रात्री अकरापर्यंत ती तेच निस्तरत बसली होती. म्हणून माझा कपाटात पडून असलेला लॅपटॉप अभ्यासिकेत ठेवायचा ठरवला.

लॅपटॉप २००९ मध्ये घेतलेला. कोअर टू ड्युओ, ४ जीबी रॅम. हार्ड डिस्क काढून २४० जीबीची एसएसडी बसवली आणि विंडोजऐवजी लिनक्स मिंट या फुकट प्रणालीची हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाकली. मशीन छान चालतं, मराठी टायपिंगही जमलं. गाडी अडली ती फक्त नेटपाशी. वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं की यादीच येत नाही.

आतापर्यंत काय केलं ते सविस्तर सांगतो, म्हणजे तुमचा वेळ वाचेल.

उजव्या कडेला वायफायचा सरकता खटका आहे, हे मी पार विसरलो होतो. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायची खिडकी) 'आरएफकिल लिस्ट' दिल्यावर 'हार्ड ब्लॉक्ड: येस', म्हणजे खटक्यानेच वायफाय बंद, असं आलं तेव्हा लक्षात आलं. खटक्याच्या फटीत इतकी धूळ बसली होती की तो अर्ध्यातच अडकत होता. रंगाच्या बारीक ब्रशने साफ केला, आता 'टक' असा आवाज करून पूर्ण सरकतो. यादीत सॉफ्ट आणि हार्ड दोन्हीपुढे 'नो' येतं. तरी नेटवर्क नाहीच.

मग बॅटरी काढून खालचं झाकण उघडलं. काडेपेटीहूनही लहान कार्ड, त्यावर काळी आणि पांढरी अशा दोन बारीक वायरी. पांढरी वायर निघालेली होती. कार्डावर दोन छोटे त्रिकोण छापलेले आहेत, एक पांढरा, एक काळा. पांढरी पांढऱ्यावर नखाने दाबून बसवली. फरक पडला नाही.

आत बसवलेल्या कार्डांची यादी देणाऱ्या 'एलएसपीसीआय -एनएन' या आज्ञेत कार्ड व्यवस्थित दिसतं: ब्रॉडकॉम बीसीएम४३१२, ८०२.११ बी/जी, एलपी-फाय, आयडी १४ई४:४३१५. मशीनच्या नोंदी दाखवणाऱ्या 'सुडो डीमेसेज' मध्ये शेवटाकडे ही ओळ आहे: बी४३-फाय० एरर, फर्मवेअर फाइल 'बी४३/यूकोड१५.एफडब्ल्यू' नॉट फाउंड.

बर्डीवर एका दुकानात दाखवला. त्यांनी झाकणही न उघडता सांगितलं, "काका, कार्ड गेलं, बोर्डही जाऊन राहिलं. याच्यात पैसा नका टाकू." मला हे पटत नाही. कार्ड मेलं असतं तर मशीनने त्याचं नाव-गाव कसं सांगितलं असतं?

ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, टाकून देणारा मिंटमधला ड्रायव्हर मॅनेजर म्हणतो, आधी इंटरनेट जोडा. नेटसाठी ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हरसाठी नेट. लॅनची केबल लावावी तर त्या खाचेतल्या दोन पिना तुटलेल्या, दिवाच लागत नाही. मोबाइल यूएसबीने जोडून पाहिला, पण फोनमधला 'यूएसबी टेदरिंग' (फोनचं नेट केबलने लॅपटॉपला देणं) हा पर्याय फिकाच राहतो, दाबताच येत नाही.

माझे प्रश्न असे. कार्ड खरंच गेलं आहे का? नसेल तर ही फाइल नेटशिवाय आणायची कशी? आणि कार्ड बदलायचंच झालं तर कोणतं घ्यावं, की ज्याला पुन्हा ही भानगड नको? उत्तर मराठीतच द्या ही विनंती. अभ्यासिकेतली दोन पोरं हा धागा वाचून स्वतः करून बघणार आहेत.

प्रतिसाद १

काका, कार्ड जिवंत आहे. तुम्ही दिलेल्या एररमध्येच उत्तर आहे.

या चिपला सुरू होताना एक छोटा प्रोग्रॅम आत भरावा लागतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. बी४३ हा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच (गाभ्यातच) आहे आणि तुमच्या एलपी-फाय प्रकाराला तो २००९ च्या डिसेंबरात आलेल्या २.६.३२ या कर्नल आवृत्तीपासून ओळखतो. पण फर्मवेअर कंपनीच्या मालकीचं, ते वाटायची परवानगी नाही. म्हणून लिनक्ससोबत ते येत नाही. 'फर्मवेअर-बी४३-इन्स्टॉलर' नावाचं पॅकेज कंपनीचा ड्रायव्हर नेटवरून उतरवतं आणि त्यातून नेमका तेवढा तुकडा कापून जागेवर ठेवतं. तुमचा यूकोड१५ त्यातच आहे.

आता टेदरिंग. तो पर्याय फिका असेल तर नव्वद टक्के वेळा केबलचा दोष असतो. पॉवर बँक किंवा ट्रिमरसोबत येणाऱ्या पुष्कळ केबलींमध्ये फक्त चार्जिंगच्या दोन तारा असतात, डेटाच्या नसतात. फोनसोबत खोक्यात आलेली केबल शोधा. ती लावल्यावर फोनवर 'फाइल ट्रान्स्फर' वगैरे विचारणारी सूचना आली की समजा केबल बरोबर आहे. मग टेदरिंग चालू करा. लिनक्सला तो फोन लॅन केबलसारखा दिसतो, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. तुमची तुटलेली खाच आड येत नाही.

नेट आलं की टर्मिनलमध्ये 'सुडो ॲप्ट अपडेट', मग 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल फर्मवेअर-बी४३-इन्स्टॉलर', आणि रीस्टार्ट.

प्रतिसाद २

वरच्या दादांशी सहमत. एक सावधगिरी. ड्रायव्हर मॅनेजर तुम्हाला ब्रॉडकॉमचा दुसरा ड्रायव्हर सुचवेल, डब्ल्यूएल नावाचा. तोही चालतो, पण प्रत्येक कर्नल अपडेटला तो नव्याने तयार व्हावा लागतो आणि नाही झाला की वायफाय गायब. शिवाय तो टाकला की बी४३ला ब्लॅकलिस्टमध्ये घालतो, म्हणजे सुरूच होऊ देत नाही. दोन्ही एकत्र ठेवू नका. आधी कुणी टाकून पाहिला असेल तर 'बीसीएमडब्ल्यूएल-कर्नल-सोर्स' काढून टाका आणि मगच बी४३चं फर्मवेअर घ्या. अभ्यासिकेतलं मशीन कुणीही अपडेट करणार, तिथे बी४३च बरा.

कार्ड बदलायचंच असेल तर एथेरॉस एआर९२८५ बघा. त्याच्या एथ९के ड्रायव्हरला फर्मवेअरची फाइल लागतच नाही. पण थांबा, काही लॅपटॉपांचं बायोस (मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) फक्त ठरावीक कार्डंच स्वीकारतं, अनोळखी कार्ड बसवलं की सुरू होतानाच अडून बसतं. म्हणून सगळ्यात शेवटी तो उपाय. यूएसबी डोंगल (बाहेरून लावायचं छोटं वायफाय यंत्र) घेताना खोक्यावरचं नाव नव्हे, आतली चिप विचारा. एकाच नावाच्या डोंगलच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत वेगळ्या चिपा असतात.

धागाकर्त्याची भर, दुसऱ्या दिवशी

केबलचाच दोष होता. मी वापरत होतो ती टॉर्चसोबत आलेली. एका मुलाने त्याच्या फोनची केबल दिली, टेदरिंग लगेच चालू झालं. पॅकेज टाकलं, रीस्टार्ट केलं आणि वायफायच्या यादीत शेजारच्या घरांची सात नेटवर्कं दिसली! बसलेली सगळी पोरं उठून बघायला आली.

पण त्या सातांत आमचं अभ्यासिकेचं नेटवर्क नाही. राउटर त्याच खोलीत, माझ्यापासून सहा फुटांवर. सगळ्यांच्या मोबाइलवर ते दिसतं. आता हे काय?

प्रतिसाद १

काका, तुमचं कार्ड बी/जी प्रकारचं, म्हणजे ते फक्त २.४ गिगाहर्ट्झवर ऐकतं. राउटर ५ गिगाहर्ट्झवरच चालू असेल तर त्याला ते असूनही ऐकू येणार नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ चालू करा, त्याला वेगळं नाव द्या, चॅनेल १, ६ किंवा ११ ठेवा. सुरक्षा, म्हणजे पासवर्डची पद्धत, डब्ल्यूपीए२ ठेवा. फक्त डब्ल्यूपीए३ असेल तर इतकी जुनी कार्डं बहुधा अडतात.

धागाकर्त्याची भर

अगदी तसंच निघालं. २.४ बंदच करून ठेवलेलं होतं. चालू केलं, पासवर्ड टाकला, जोडलं गेलं. कार्डाचा कागदोपत्री वेग ५४ एमबीपीएस, आम्हाला प्रत्यक्षात १८ ते २० मिळतो. अर्ज भरायला आणि जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पीडीएफ उतरवायला तेवढा पुरतो. काल संध्याकाळी तिघांनी पाठोपाठ अर्ज भरले, पान एकदाही कोरं झालं नाही.

दोन्ही प्रतिसाद देणाऱ्यांचे मनापासून आभार. तुम्ही नसता तर हे मशीन मी भंगारात दिलं असतं. धाग्याच्या शीर्षकात 'सुटलं' असं लिहितो आहे.

एकच उरलं. लॅनची खाच बदलून देणारा, म्हणजे झाकण उघडून बघणारा आणि सोल्डरिंग नीट करणारा कारागीर मानेवाडा, अयोध्यानगर किंवा हनुमाननगर भागात कुणाच्या पाहण्यात आहे का? उन्हाळ्यात आमच्याकडे दुपारी वायफाय मंद होतं, तेव्हा केबल लावता आली तर बरं.